रोपांची मोजदाद आणि अरण्यांचा ऱ्हास

मृगाच्या सरी कोसळल्या की मंत्रिमहोदयांच्या हाती कुदळ येते. १९५० साली केंद्रीय अन्नमंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सवाचा उपक्रम सुरू केला, तेव्हापासूनचा हा शिरस्ता आहे. आणि रोप लावणे हे सत्कृत्यच असल्यामुळे त्याविषयी नाक मुरडण्याचे आम्हांस कारण नाही. आमच्या राज्य सरकारने तर २०१६ साली २ कोटी, २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी रोपांचा संकल्प सोडला होता. परंतु हवामानबदलाचे संकट दाराशी येऊन ठेपले असता या मोजदादीवर विसंबून राहणे कितपत शहाणपणाचे, हा प्रश्न आता टाळता येणार नाही.

वने व वृक्ष यांच्या योगे २०३० पर्यंत अडीच ते तीन अब्ज टन कार्बन डायऑक्साइड अधिक शोषून घेऊ, असे वचन भारताने २०१५ साली जगाला दिले. त्यांपैकी २.२९ अब्ज टनांची मजल, २००५ च्या तुलनेने, गाठली गेल्याचे भारतीय वन सर्वेक्षणाचा डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला अहवाल सांगतो. देशाची २५.१७ टक्के भूमी वने व वृक्ष यांनी व्यापली आहे, असेही तो म्हणतो. मात्र एक हेक्टर वा त्याहून मोठ्या क्षेत्रावर दहा टक्के वृक्षछाया असली की ते 'वनाच्छादन' ठरते. मग ती आमराई असो, निलगिरीची लागवड असो, की सह्याद्रीतली देवराई असो. जमाखर्चात सारे एकाच मोलाचे!

प्रत्यक्षात ते तसे नाही. आपल्या वनांतील निम्म्याहून अधिक कार्बन झाडांच्या लाकडात नसून मातीत साठलेला असतो. जुने अरण्य तोडले म्हणजे लाकडाबरोबर हा मातीतला साठाही धोक्यात येतो. आणि त्याच्या बदल्यात लावलेले रोप, जगलेच तर, कित्येक दशकांनी त्याची भरपाई करू लागते. ग्रेट निकोबार बेटावरील सुमारे १३० चौरस किलोमीटर वनभूमी प्रकल्पासाठी वळविण्यास २०२२ साली तत्त्वतः मान्यता मिळाली आणि भरपाईच्या लागवडीसाठी हरियाणाची निवड झाली. विषुववृत्तानजीकच्या वर्षारण्याची भरपाई अरवलीच्या कोरड्या टेकड्यांनी कशी होणार, हे कोणी समजावून सांगितल्यास आम्ही आभारी होऊ.

अरण्य म्हणजे काय, यावरच आज वाद आहे. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने 'वन' या शब्दाचा कोशातला अर्थ ग्राह्य धरला होता. २०२३ च्या दुरुस्तीने कायद्याचे छत्र अधिसूचित वा दप्तरी नोंदलेल्या वनांपुरते आखडले. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेशाने जुनाच अर्थ चालू ठेवला, ही त्यातल्या त्यात दिलाशाची गोष्ट.

वने सर्व काही करतील, असा भ्रमही नको. २०२० या एका वर्षात आपल्या देशाने सुमारे २.९६ अब्ज टनांइतके उष्णताधारक वायू हवेत सोडले. वर सांगितलेली २.२९ अब्ज टनांची बेरीज एका वर्षाच्या धुरासही पुरत नाही. कोळशाचा प्रश्न कोळशापाशीच सोडवावा लागेल. त्यासाठी झाडांच्या मागे लपता येणार नाही.

मग अरण्य राखणार कोण? गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गोंड गावास २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ साली त्या गावाने स्वतःच्या नावे बांबू विकला, आणि वन टिकले तर आपली चूल पेटते, हे तेथील लोकांना कोणत्याही परिपत्रकावाचून ठाऊक आहे. ज्यांचे पोट अरण्यावर आहे, त्यांच्या ग्रामसभेची संमती ही प्रकल्पांच्या फायलींतील एक किरकोळ अडचण मानण्याची प्रवृत्ती आम्हांस घातक वाटते.

पुढील अहवालात नैसर्गिक वने आणि लागवड यांचे आकडे वेगळे द्यावेत, आणि अन्यत्र रोपे लावण्याच्या हमीवर जुन्या अरण्याची तोड मंजूर करण्याचे थांबवावे. एवढे करण्यास सरकारास नवा निधी लागत नाही की नवा कायदाही लागत नाही.