उतारा उसाला, मग दुधाला का नाही?

दूध प्रोत्साहनधनाची चर्चा या आठवड्यातही लिटरवरच येऊन थांबली, याची चीड येते. नंदिनी ब्रँडच्या दूध संस्थेत दूध घालणाऱ्याला कर्नाटक सरकार लिटरमागे 5 रुपये देतं. दूध गाईचं असो वा म्हशीचं, रक्कम तीच. निपाणी-चिकोडीचा तोच शेतकरी कारखान्याला ऊस घालतो, तेव्हा एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर, 10.25 टक्के साखर उताऱ्यावर बांधलेली असते आणि उतारा वाढला की दरही वाढतो. एफआरपी ठरवणारं केंद्र सरकार उसात साखर किती हे विचारतं, पण कर्नाटक सरकार दुधात घनपदार्थ किती हे विचारत नाही, हेच माझं जुनं भांडण.

बेळगावच्या कुंद्यासाठी खवा आटवणाऱ्याला हा फरक कढईतच दिसतो. 100 किलो गाईच्या दुधात 13 किलो घनपदार्थ धरले तर खवा 18 किलोच्या आसपास पडतो; म्हशीच्या दुधात 16 धरले तर 22 किलोच्या पुढे जातो. म्हणजे किलोभर खव्यासाठी गाईच्या दुधातलं साडेचार किलो पाणी आटवायचं, म्हशीच्या दुधातलं साडेतीन. जळणाचा आणि कढई घोटणाऱ्याच्या कष्टाचा पाचवा हिस्सा इथेच वाचतो. शिवाय म्हशीचा खवा रवाळ उतरतो, गाईचा चिकट आणि ओलसर. पनीरची गोष्ट आणखी बोलकी आहे. खव्यात दुधातली साखरही राहते. पनीर करताना ती पाण्याबरोबर निघून जाते आणि हाती लागतं मुख्यतः फॅट आणि केसीन. म्हशीच्या दुधात दोन्ही जास्त, म्हणून 100 किलोला गाईचं पनीर 16 ते 18 किलो, तर म्हशीचं 20 च्या वर.

संकरित गाय म्हशीच्या दुप्पट दूध देते, हा आक्षेप खरा आहे. पण म्हणूनच तर लिटरवर पैसे वाटले की कमी वैरणीवर तगणारी पंढरपुरी म्हैस गोठ्यातून हलते. रसगुल्ल्याच्या छेन्याला गाईचंच दूध लागतं, हेही मान्य. इथल्या भट्ट्यांवर मात्र कुंदा होतो. दूध संघ फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घनपदार्थ) बघूनच दर देतात, असंही सांगितलं जाईल. देतात, आणि तेच योग्य आहे. सरकारचे 5 रुपये तेवढे त्या हिशेबाबाहेर राहतात. संस्थेतलं मशीन दोन्ही वेळा फॅट आणि एसएनएफ मोजतंच. त्यांची बेरीज म्हणजे घनपदार्थ. प्रोत्साहनधन त्या किलोवर द्यायला नवं यंत्र लागणार नाही, फक्त सरकारी आदेशातलं एकक बदलावं लागेल.