नकाशात न उतरलेला सडा

ब्रिटिश काळातल्या गॅझेटिअरमध्ये राजापूरबद्दल एक लक्षणीय नोंद आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या बंदरांपैकी फक्त राजापुरात अरबी गलबते तेव्हाही थेट येत. मात्र मोठ्या जहाजांना जुन्या दगडी धक्क्याच्या तीन मैल अलीकडेच थांबावे लागे. समुद्रापासून सुमारे 15 मैल आत, जैतापूरच्या खाडीच्या वरच्या टोकाला असलेल्या या गावात परदेशी जहाज पोहोचत होते तरी कसे? खाडीचे मुख कुठल्या डोंगरावरून ओळखायचे, कोणत्या भरतीला आत शिरायचे, गाळाचा उंचवटा यंदा कुठे सरकला आहे, याची उत्तरे लिस्बन किंवा लंडनच्या नकाशाघरात तयार झालेली नव्हती. ती इथल्या तांडेलांकडे होती. सागरी शोधांचा इतिहास वाचताना या गोष्टीची आठवण फार कमी वेळा ठेवली जाते.

वास्को द गामा 1498 मध्ये आफ्रिकेच्या मालिंदीहून कालिकतला आला तो या समुद्राची माहिती असलेल्या वाटाड्याला सोबत घेऊन. त्या वाटाड्याने गामाला हिंदुस्थानच्या किनाऱ्याचा एक नकाशा दाखवला, असे पोर्तुगीज इतिहासकार बारुश सांगतो. म्हणजे ज्या किनाऱ्याचा ‘शोध’ लागला म्हणून आपण शाळेत शिकलो, त्या किनाऱ्याचा नकाशा शोध लागण्यापूर्वीच तयार होता. पोर्तुगीजांचे कर्तृत्व नाकारण्याचे कारण नाही. सूर्याची उंची मोजून अक्षांश काढणे, प्रत्येक सफरीची माहिती एका मूळ नकाशात भरत जाणे, ही शिस्त त्यांची होती. पण तिच्यात भरला गेलेला तपशील पुष्कळदा स्थानिकांचा होता.

या शिस्तीचा आपल्या किनाऱ्यावरचा उत्तम नमुना म्हणजे जुआंव द कास्त्रो. पुढे गोव्याचा गव्हर्नर झालेल्या या माणसाने 1538-39 च्या मोहिमेत गोव्यापासून दीवपर्यंतच्या किनाऱ्याचे मार्गदर्शन-पुस्तक लिहिले. नद्यांची मुखे, खडक, पाण्याची खोली आणि बंदरांची चित्रे त्यात आहेत. दोरीला शिसे बांधून पाण्यात सोडायचे आणि खोली मोजायची, हे काम आपल्याकडचे खलाशीही करत. त्यांचे माप ‘वाव’, म्हणजे पसरलेल्या दोन हातांचे अंतर. कास्त्रोची नजर मात्र आणखी एका गोष्टीवर होती. होकायंत्राची सुई कुठे किती ढळते, हे तो सतत टिपत होता. वसईच्या परिसरात ती अनपेक्षितपणे भरकटली, तेव्हा तिथल्या खडकांचा हा परिणाम असावा असा तर्क त्याने केला. यंत्राच्या चुकीचे कारण जमिनीत शोधणारा हा दर्यावर्दी आपल्याच किनाऱ्यावर हे शिकला, ही गोष्ट मराठी वाचकाला माहीत असायला हवी.

अशी माहिती म्हणजे सत्ता होती, म्हणून पोर्तुगीज राजवट तिची गुप्तता राखत असे. ती फुटली गोव्यातूनच. यान हाउखेन व्हान लिन्सखोतन हा डच तरुण 1583 पासून काही वर्षे गोव्याच्या आर्चबिशपचा चिटणीस होता. तिथे त्याने पोर्तुगीजांची मार्गवर्णने जमवली आणि मायदेशी परतल्यावर 1595-96 मध्ये ती छापली. 1598 मध्ये इंग्रजी भाषांतर आले. त्यानंतर दोनच वर्षांनी इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी निघाली आणि 1602 मध्ये डचांची. 1649 च्या सुमारास इंग्रजांनी राजापुरात वखार घातली. पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरला मदत केल्याबद्दल शिवाजी महाराजांनी 1661 मध्ये हीच वखार लुटून हेन्री रेव्हिंग्टनला कैद केले, हे सर्वांना ठाऊक आहे. पण ती वखार इथे उभी राहण्यामागे गोव्यातल्या एका चिटणिसाच्या वह्यांचाही वाटा होता, हे सहसा कोणी सांगत नाही.

नकाशा समुद्रावरून जमिनीवर आला तेव्हा त्याचे काम बदलले. 1802 मध्ये विल्यम लॅम्बटनने मद्रासजवळ त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केले. मुंबई इलाख्यात महसुली मोजणी झाली ती 33 फुटांच्या साखळीने. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद जमीन म्हणजे एक गुंठा, 40 गुंठ्यांचा एकर. हे मोजमाप इतके पक्के बसले की सात-बारा वाचणारा प्रत्येक शेतकरी आजही त्यातच विचार करतो. मात्र त्या मोजणीचा हेतू सारा ठरवणे हा होता. भात पिकणारा मळा, आगर, गावठाण यांना तिने बारकाईने पाहिले. पीक न येणारा कातळ ‘पोटखराब’ म्हणून एका शब्दात मिटला.

राजापूर तालुक्याचे सगळे मर्म या एका शब्दात अडकले आहे. इथले सडे म्हणजे जांभ्याची विस्तीर्ण पठारे. पावसाळ्यात त्यांच्यावर चार महिने गवत आणि रानफुले, एरवी तापलेला दगड. याच दगडावर बारसू, देवाचे गोठणे, कशेळी इथे माणसाने हजारो वर्षांपूर्वी चित्रे कोरली. कशेळीच्या सड्यावरचा हत्ती सुमारे 18 मीटर लांबीचा आहे. त्याच्या पोटात इतर प्राण्यांची चित्रे आहेत. देवाचे गोठण्याच्या मानवाकृतीपाशी होकायंत्र धरले तर सुई योग्य दिशा दाखवत नाही. कास्त्रोने हे पाहिले असते तर तो तिथेच वही उघडून बसला असता.

सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या दशकात गावोगाव हिंडून ही शिल्पे नोंदवली. त्यांची वाट सरकारी नकाशाने दाखवली नाही. ती गुराख्यांना आणि वयस्कर गावकऱ्यांना विचारत सापडली. 70 हून अधिक गावांत 1500 हून जास्त चित्रे आज माहीत आहेत, आणि 2022 मध्ये कोकणातल्या कातळशिल्पांना युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत जागा मिळाली. 2023 मध्ये बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती तपासणी सुरू झाली आणि मोठे आंदोलन पेटले. प्रकल्प हवा की नको, यावर तालुक्यात प्रामाणिक मतभेद आहेत. पण नापीक म्हणून नोंदलेली जागा रिकामीच आहे असे गृहीत धरून निर्णय होऊ लागले, तर वादाचा पायाच चुकतो. ज्या कातळावर काय आहे हे गावाला पिढ्यानपिढ्या माहीत होते, त्याची महसुली दप्तरात ओळख नाही.

शिल्पे नकाशावर आणण्याबद्दल गावात धास्तीही आहे. बरीच शिल्पे खासगी जमिनीत आहेत. नोंद झाली की घर बांधायला, चिरा काढायला, झाडे लावायला मनाई होईल, ही भीती निराधार म्हणता येत नाही. शिवाय ठिकाण जाहीर झाले की बेपर्वा पर्यटक आणि गाड्यांची चाके कोरीव रेषांवरून जातात. म्हणून नोंदीसोबत जमीनमालकाला योग्य मोबदला, शिल्पाभोवती नेमकी आखलेली मर्यादित हद्द आणि देखभालीत गावाचा वाटा या गोष्टी आधी ठरायला हव्यात.

2021 च्या फेब्रुवारीत केंद्राने नकाशे आणि भूस्थानिक माहितीवरचे बरेच निर्बंध उठवले. आता संस्थांना व नागरिकांनाही नकाशे बनवणे सोपे झाले आहे. ड्रोनने गावठाणे मोजली गेली आहेत. तीच यंत्रणा सड्यांवर नेता येईल. फक्त वरून घेतलेल्या छायाचित्रात गवताखालची रेघ दिसत नाही आणि पाणवठ्याचे, पायवाटेचे, टेकाडाचे नावही कळत नाही. त्यासाठी मोजणी खात्याच्या माणसासोबत सडा माहीत असलेला गुराखी चालला पाहिजे, त्याने सांगितलेली नावे गावनकाशात लिहिली गेली पाहिजेत, आणि ती कोणी सांगितली हेही नोंदले गेले पाहिजे.