पैसा आखातातला, सातबारा भावाचा

खानापूर तालुक्यातल्या एका घरची हकीकत गेल्या महिन्यात आमच्यापर्यंत आली. नाव-गाव गाळून सांगतो. वाचकांनी ओळखण्याचा प्रयत्न करू नये. असे घर तुमच्याही नात्यात असेल.

थोरला भाऊ चौदा वर्षे सौदीत ड्रायव्हर. धाकटा गावी, घर आणि म्हाताऱ्या अम्मीला सांभाळून. टेंभूचे पाणी शिवारात आले तशी गावाला लागून 48 गुंठे जमीन विकायला निघाली. पैसे थोरल्याने पाठवले, खरेदीखत धाकट्याच्या नावाने झाले. "मी कायमचा आलो की बघू," एवढेच फोनवर बोलणे. दोघांत कधी वाकडा शब्द नव्हता, म्हणून कागदाची गरज कुणालाच वाटली नाही. आणि मग धाकट्याचा इंतकाल झाला. मागे बायको, नऊ आणि सहा वर्षांच्या दोन मुली, अम्मी आणि हा थोरला. अब्बा आधीच अल्लाहला प्यारे झालेले. आणखी भाऊ-बहीण नाहीत.

आता वाटणी पाहा. मुले असताना बायकोला आठवा हिस्सा, म्हणजे 6 गुंठे. आईला सहावा, म्हणजे 8. दोन मुलींना मिळून दोन तृतीयांश, म्हणजे 32. राहिले 2 गुंठे, ते भावाला. सगळी किंमत ज्याने मोजली त्याच्या वाट्याला चोविसावा हिस्सा!

इथे कुणी कुणाला फसवलेले नाही, हे आधी सांगायला हवे. भाभी तर म्हणाली, "भाईजान, पैसे तुमचेच होते, मला माहीत आहे. तुमचे तुम्ही घ्या." पण तिने म्हणून भागत नाही. मुली अज्ञान आहेत. मुस्लिम कायद्यात आई मुलांचा सांभाळ करते, पण त्यांच्या स्थावर मिळकतीची ती आपोआप कायदेशीर पालक होत नाही. जिल्हा न्यायालयाच्या परवानगीशिवाय मुलींचा एक गुंठाही तिला कुणाला लिहून देता येत नाही. आणि अनाथ मुलींची जमीन चुलत्याला फुकट द्यायची परवानगी न्यायालयाने का द्यावी? तिच्या मनाचा मोठेपणा तिच्या 6 गुंठ्यांपुरताच चालतो. तेही थोरल्याच्या नावावर होऊ शकत नाहीत. का, ते पुढे.

"मग त्याने स्वतःच्याच नावावर का घेतली नाही?" असे कुणीही विचारेल. घेता येत नव्हती. 1999 च्या परकीय चलन कायद्याखाली, ज्याला सगळे 'फेमा' म्हणतात, अनिवासी भारतीयाला भारतात घर, फ्लॅट, दुकान घेता येते. शेतजमीन, फळबाग-मळ्याची जमीन किंवा फार्महाऊस खरेदी करता येत नाही. भारताचा पासपोर्ट असला तरी नाही, घराणे सात पिढ्यांचे शेतकरी असले तरी नाही. खानापूर-आटपाडीकडची शेकडो माणसे गलाईच्या धंद्यासाठी तमिळनाडू, केरळपासून उत्तरेपर्यंत पसरली आहेत. त्यांनी तिथे जन्म काढला तरी गावी शेत घेताना हा कायदा आडवा येत नाही, कारण ते देशातच आहेत. त्याच गल्लीतला पोरगा नोकरीला दम्मामला गेला की विमान सुटल्या दिवसापासून त्याला हा नियम लागू. '182 दिवस' म्हणून जे ऐकिवात असते तो आयकराचा हिशेब. जमिनीच्या बाबतीत त्यावर विसंबू नये.

पुष्कळजण रमजान ईदच्या सुट्टीत येतात, आधार कार्ड दाखवतात आणि खरेदीखत करून परत जातात. दुय्यम निबंधक पासपोर्टवरचा व्हिसा पाहत बसत नाही. दस्त नोंदला जातो, फेरफारही होतो. पण नोंदणी झाली म्हणून व्यवहार कायद्यात बसला असे नाही. पुढे विकताना किंवा पैसे बाहेर नेताना तो उघडा पडतो आणि दंड रकमेच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो. असा व्यवहार आधीच झाला असेल तर लपवू नका. चार्टर्ड अकाउंटंटला भेटून रिझर्व्ह बँकेकडे आपणहून तडजोडीचा अर्ज करण्याची सोय आहे.

आपल्या लोकांना सुचणारी दुसरी वाट हिब्याची. अब्बांनी जिवंतपणीच शेत आखातातल्या मुलाला हिबा करून टाकायचे. शरियतप्रमाणे हिबा पुरा होईल, पण फेमा इथेही आडवा येतो: अनिवासी भारतीयाला शेतजमीन बक्षीस म्हणूनही घेता येत नाही. भाभीचे 6 गुंठे अडतात ते याचमुळे. वारशाने आलेली मात्र चालते. परदेशी जाण्यापूर्वी नावावर असलेलीही ठेवता येते.

सांगली, मिरज, कुपवाडच्या आसपास गुंठेवारीचे प्लॉट 'एनए होणारच आहे' म्हणून विकले जातात. दलालाचे तोंड नको, सातबारा पाहा. त्यावर शेती असेल तर ती शेतजमीनच. साताऱ्यात किंवा कऱ्हाडला बिनशेती आदेश झालेला प्लॉट किंवा फ्लॅट असेल, तर तो बेलाशक स्वतःच्या नावावर घ्यावा. भावावर अविश्वास दाखवल्यासारखे वाटते म्हणून संकोच करणारे आम्ही पाहिले आहेत. हा संकोच महागात पडतो.

बायको गावीच राहत असेल तर तिला पैसे बक्षीस देऊन तिच्या नावाने शेत घेता येते का? ती स्वतः शेतकरी ठरत असेल तर घेता येते. माहेरच्या सातबाऱ्यावर तिचे नाव असेल तर तो पुरावा हाताशी असतो. पण आपल्याकडे भाऊ बहिणींकडून हक्कसोडपत्रे करून घेतात, आणि नंतर तीच बहीण शेतकरी असल्याचा दाखला शोधत फिरते. तिचा वाटा तिला आधीच दिला असता तर? असो. एक लक्षात ठेवा, अशी घेतलेली जमीन खरोखर तिचीच. तिच्या पश्चात मुले असतील तर नवऱ्याला त्यात चौथा हिस्सा.

भावाला घर बांधायला, दुकान टाकायला रक्कम दिली असेल तर ती उसनी की बक्षीस, हे तेव्हाच लिहून ठेवावे. (शेतीसाठी असे कर्ज चालत नाही.) पैसे बँकेतूनच पाठवावेत. कुराणातली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची 282 वी, देण्याघेण्याचे लिहून ठेवण्याबद्दलच आहे, तरी आपल्याला भावाकडून सही मागायची लाज वाटते. लिहिलेल्या कर्जाचा मोठा फायदा असा की मयताचे कर्ज आधी फिटते, मग वारसांचे हिस्से पडतात. मुदतीचा कायदा मात्र तीन वर्षांचा आहे. ती संपण्याआधी कर्ज कबूल असल्याची नवी सही घ्यावी, नाहीतर चिठ्ठी नुसता कागद होते.

खानापूरच्या त्या थोरल्या भावाने आम्हाला शेवटी एवढेच विचारले: माझे दोन गुंठे पुतण्यांच्या नावावर करायचे आहेत, त्यासाठी रजा काढून यावे लागेल का?

यावे लागणार नाही. आधी भाभीने वारस नोंदीचा अर्ज द्यावा, त्यात त्याचेही नाव हवे. मग त्याने रियाधच्या आपल्या वकिलातीत किंवा जेद्दाहच्या वाणिज्य दूतावासात अधिकाऱ्यासमोर सही करून, फक्त या एका कामापुरते मुखत्यारपत्र गावातल्या विश्वासू नातेवाइकाच्या नावाने करावे. सर्वसाधारण मुखत्यारपत्र नको. मूळ कागद महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक जिल्हाधिकाऱ्याकडे त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्यावे. पाकीट कपाटात पडून मुदत जाते, असे फार घडते. पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का जपून ठेवा. त्यानंतर विट्याला हक्कसोडपत्राची नोंदणी, मग फेरफार. मुखत्यारपत्र देणाऱ्याच्या हयातीपुरतेच असते, म्हणून काम लांबवू नये.

एक अडचण त्याच्या बाबतीत उरलीच आहे. पासपोर्टवर आडनाव शेख, गावच्या कागदांवर मुलाणी. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र त्याच फेरीत वकिलातीत करून मुखत्यारपत्रासोबत पाठवावे, असे आम्ही त्याला कळवले आहे.