पत्र्याच्या दोन चकत्या

दिवाळीची साफसफाई हा मोठा धोक्याचा प्रकार आहे. माळा झाडताना जुनी पत्रे सापडतात आणि जुनी भांडणेही. यंदा आमच्या जालन्याच्या घरी परसातली खोली उपसताना अण्णांची लॅम्ब्रेटा निघाली आणि तिच्याबरोबर माझा १९७८ सालचा एक गुन्हाही.

ही लॅम्ब्रेटा 'एल. डी.' जातीची, मिलानच्या इनोचेंती कंपनीने १९५० च्या दशकात काढलेली. अण्णांनी १९६४ साली ती मुंबईहून जुनी घेतली. हिच्यात मागच्या चाकाकडे साखळी जात नाही, पोलादी दांडा जातो. दांड्याची फिरकी काटकोनात वळवून चाकाला द्यायची, म्हणून टोकाला शंकूच्या आकाराच्या दोन दातेरी चाकांची जोडी असते. तिला मिस्त्री लोक बेव्हल गिअर म्हणतात.

मी तेव्हा कॉलेजात होतो, म्हणजे मला सगळे येत होते. सुट्टीत मी तो गिअर 'साफ करण्यासाठी' खोलला. बेअरिंगमागून कागदासारख्या पातळ पोलादी चकत्या निघाल्या. पुन्हा जोडताना त्यांतल्या दोन उरल्या. उरल्या त्या अर्थी नकोच असतील, असा निष्कर्ष काढून मी त्या टेबलाच्या खणात टाकल्या.

पुढच्या चतुर्थीला आईला मागे बसवून राजूरच्या गणपतीला निघालो. गाडी आधी गुणगुणू लागली, मग विव्हळू लागली, आणि निम्म्या वाटेवर 'कडाड्' करून मागचे चाक जागच्या जागी आवळले. मला खरचटले. आईचे उजवे मनगट मोडले. ते पुढे कधी सरळ झालेच नाही. पोळी लाटताना तिचा हात शेवटपर्यंत वाकडा पडे. अण्णांना मी सांगितले, "दात जुना झाला होता, तुटला." अण्णा काही बोलले नाहीत. गाडी ढकलत नेऊन त्यांनी खोलीत ठेवली आणि वर गोधडी घातली.

आता अण्णा नव्वदीला आले आहेत. गोधडी काढल्यावर ते एवढेच म्हणाले, "ही चालू झाली तर बघायची आहे."

गाडी चाचांच्या दुकानी नेली. दाते तुटले होते. जोडी जोडीनेच बदलावी लागते. एक चाक नवे आणि एक जुने चालत नाही. मुंबईच्या जुन्या सामानवाल्याकडून जोडी आणली. मला वाटले, आता काय, बसवायची आणि आवळायची! चाचा हसले. "साहेब, बसवणे अर्ध्या तासाचे. मापायला दिवस लागेल."

आणि खरोखरच लागला. ही दोन्ही चाके आपापल्या आसावर किंचित पुढेमागे सरकवता येतात. त्यांचे शंकू मनातल्या मनात पुढे वाढवले, तर त्यांची टोके एकाच बिंदूत मिळाली पाहिजेत. ती मिळवण्यासाठीच या चकत्या. त्यांना शिम म्हणतात. चाचांनी शेंदूर तेलात कालवून दातांना लावला, नट पुरते आवळून जोडी फिरवली आणि पुन्हा खोलून डाग पाहिला. डाग दाताच्या मधोमध हवा. कडेला आला, तर सगळा भार त्या कडेवर पडतो आणि दात तिथूनच जातो. मग एक चाक धरून दुसरे हलवायचे. ते केसभर हलले पाहिजे. अगदी घट्ट बसले तर तेलाला जागा नाही. फार सैल बसले तर प्रत्येक धक्क्याला दात दातावर आदळतो. दर वेळी एकच शिम बदलायचा, नाहीतर कशामुळे काय झाले ते कळत नाही. पुठ्ठ्याचे पॅकिंगसुद्धा मापात धरायचे, कारण आवळल्यावर तेही दबते. (शेंदरात शिसे असते, म्हणून त्यांनी मला दोनदा हात धुवायला लावले.)

शेजारीच कोणाची तरी बुलेट उघडी पडली होती. तिचे कॅम खाली, क्रँकशेजारी. त्यांनाही आडवी मोकळीक किती ते चाचा पाहत होते. इटलीतल्या बोलोन्याच्या डुकाटीत फाबिओ तालियोनी या अभियंत्याने १९५० च्या दशकात कॅम इंजिनाच्या डोक्यावर नेला आणि उभ्या दांड्याने, खाली-वर बेव्हलच्या जोड्या लावून फिरवला. तिथे खालची जोडी, वरची जोडी आणि कॅम, सगळ्यांचेच शिम जुळवावे लागतात. तिथला मिस्त्री किती वेळा खोलत आणि आवळत असेल, या कल्पनेनेच मला घाम फुटला.

संध्याकाळी चाचा म्हणाले, "दोन दशांश मिलीमीटरचा एक शिम कमी पडतोय. पण जुन्यातले गेले कुठे? इथे तर दोन कमी होते."

अण्णा खुर्चीवर बसले होते. मी त्यांच्याकडे पाहू शकलो नाही. त्यांनी कोटाच्या खिशातून तपकिरीची जुनी डबी काढली आणि चाचांपुढे धरली. तेल लावून, कागदात गुंडाळून ठेवलेल्या माझ्या त्या दोन चकत्या आत होत्या!

"त्याच आठवड्यात तुझ्या खणात सापडल्या," अण्णा म्हणाले. "तू सांगशील म्हणून थांबलो."

"आईला माहीत होते?"

"तिनेच सांगितले, विचारू नका म्हणून."

चाचांनी मायक्रोमीटर लावला. एक चकती बरोबर दोन दशांशाची भरली. ती बसवली, शेंदराचा डाग मधोमध आला.

धनत्रयोदशीला गाडी गल्लीतून फिरवून आणली. अण्णा ओट्यावर कान देऊन उभे होते. मी उतरलो आणि जे इतकी वर्षे सांगायचे राहिले होते ते सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि मान हलवली.

"आता गुणगुणत नाही," ते म्हणाले.

दुसरी चकती माझ्या टेबलावर आहे. ती कुठेही बसवायची नाही.