पेटंट कोणाचे आणि टिकणार किती?

पिंगुळी-कुडाळच्या बाजूस जमीन घेऊ पाहणारा शहाणा माणूस माड मोजण्यापूर्वी सातबारा मागतो. त्यावर पुष्कळदा दहा-वीस नावे निघतात. निम्मे हिस्सेदार मुंबईस, काही तर हयातही नाहीत. क्वांटम तंत्रज्ञानाच्या नव्या कंपन्यांत भांडवल घालणाऱ्यांस नेमकी हीच चिंता पडली आहे. कंपनी दाखविते ते पेटंट खरोखर तिचेच आहे काय, आणि उद्या कोणी आव्हान दिल्यास ते टिकेल काय?

ही केवळ धनिकांची विवंचना नव्हे. केंद्र सरकारने २०२३ साली राष्ट्रीय क्वांटम अभियानास सहा हजार कोटींहून अधिक रुपये मंजूर केले. अभियानाच्या चार केंद्रांपैकी क्वांटम संवेदन व मापन यांचे केंद्र मुंबईच्या आय.आय.टी.कडे आहे, पुण्याच्या 'आयसर'मध्येही या विषयाचे स्वतंत्र केंद्र आहे. अशा प्रयोगशाळांतूनच या कंपन्या जन्मतात, आणि गुंता तेथेच सुरू होतो. प्राध्यापकाचा पगार संस्थेचा, विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती दुसऱ्याची, उपकरण सरकारी अनुदानाचे. मग शोध कोणाचा? १९७० च्या आपल्या कायद्याप्रमाणे पहिला हक्क खऱ्या संशोधकाचा. तो संस्थेकडे वा कंपनीकडे जावयाचा तर लेखी हस्तांतरण हवे. सहमालक अनेक असल्यास, वेगळा करार नसेल तर, एकट्याला इतरांच्या संमतीवाचून परवाना देता येत नाही. सामाईक जमिनीचेच हे दुखणे!

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठासही हा धडा महागात पडला. तेथील एका संशोधकाने आपले हक्क पुढे विद्यापीठास देण्याचे कबूल केले होते. मग एका खासगी कंपनीत काम शिकावयास गेला असता 'याद्वारे देत आहे' अशा कागदावर त्याने सही केली. दुसरा कागद वरचढ ठरला. सरकारी अनुदान घेतले म्हणून मालकी आपोआप विद्यापीठाकडे जात नाही, असा निर्वाळा तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली दिला.

मालकी निर्विवाद असली तरी पेटंट टिकेलच असे नाही. हळदीचे उदाहरण आमच्या वाचकांस ठाऊक आहे. जखमेवर हळद लावण्याच्या उपायावर अमेरिकेत १९९५ साली पेटंट मिळाले, डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ व लेख पुढे केले आणि १९९७ साली ते रद्द झाले. ज्या कार्यालयाने शिक्का मारला त्यानेच तो पुसला. आपला कायदा तर स्पष्टच म्हणतो की, कार्यालयाने केलेली तपासणी ही वैधतेची हमी नव्हे. क्वांटम क्षेत्रात धोका अधिक आहे, कारण येथे पुष्कळसे काम गणिताचे असते, आणि गणिती रीत वा निव्वळ आज्ञावली यांस आपल्याकडे पेटंट मिळत नाही. त्यातच शोधनिबंध आधी छापण्याची आमच्या विद्वानांची घाई! स्वतःचाच निबंध पुढे स्वतःच्याच पेटंटावर पुरावा म्हणून उभा राहू शकतो.

गुंतवणूकदार साशंक आहेत म्हणून त्यांच्यावर देशी विज्ञानाविषयी अनास्थेचा आरोप करणे आम्हांस अन्यायाचे वाटते. संशोधक, विद्यार्थी, पाहुणे अभ्यासक या सर्वांकडून हस्तांतरणाचे लेख काम सुरू होतानाच घ्यावेत, आणि ते पाहिल्यावाचून कोणत्याही कंपनीस अभियानाच्या पैशाचा पहिला हप्ता देऊ नये, असा दंडक विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने घालावा.