दार लावून घेणारे आणि दार उघडे टाकणारे

अमेरिकेतील लक्षावधी ख्रिस्ती कुटुंबांनी गेल्या चार दशकांत एक निर्णय घेतला. सरकारी शाळेत जे शिकवले जाते ते आपल्या श्रद्धेशी विसंगत आहे असे वाटताच त्यांनी मुलाचा हात धरला आणि त्याला घरी आणले. शाळेसाठीचा कर भरणे चालू ठेवले, पण मूल दिले नाही. आई हीच शिक्षिका झाली आणि घर हीच शाळा झाली. आपल्याकडील सुशिक्षित वर्ग या प्रकाराकडे सधन समाजाचे चोचले म्हणून पाहतो. ही दृष्टी उथळ आहे.

या निर्णयाची मुळे १९६० नंतरच्या दशकात आहेत. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये सरकारी शाळांतील प्रार्थना आणि १९६३ मध्ये तेथील बायबलचे वाचन घटनाबाह्य ठरवले. ज्यांना ती शाळा आजवर आपलीच वाटत होती, त्यांना ती परकी वाटू लागली. गृहशिक्षणाचा पुरस्कार करणाऱ्यांत जॉन होल्ट यांच्यासारखे धर्माशी संबंध नसलेले विचारवंतही होते. परंतु चळवळीला संख्या आणि संघटना मिळवून दिली ती ख्रिस्ती कुटुंबांनी. १९८३ मध्ये त्यांनी न्यायालयीन लढ्यासाठी स्वतंत्र संस्था उभारली आणि १९९३ पर्यंत सर्व ५० राज्यांत गृहशिक्षणाला कायद्याची वाट मोकळी करून घेतली. अमेरिकी शासनाच्याच पाहणीनुसार १९९९ मध्ये साडेआठ लाख मुले घरी शिकत होती. २००३ मध्ये ती संख्या सुमारे अकरा लाख झाली. धार्मिक व नैतिक शिक्षण हे सर्वांत महत्त्वाचे कारण सांगणारे पालक त्या वर्षी ३० टक्के होते, तर शाळेतील वातावरणाची चिंता सांगणारे ३१ टक्के. जर्मनीत शाळेची सक्ती कडक आहे, म्हणून तेथील एक ख्रिस्ती कुटुंब २००८ मध्ये देश सोडून अमेरिकेत गेले. २०१४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्याचे प्रकरण ऐकण्यास नकार दिला, तरीही शासनाने त्यांना राहू दिले.

आपल्या मुलाच्या मनावर पहिला संस्कार कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर या लोकांनी दुसऱ्यावर सोपवले नाही. त्यांची श्रद्धा आपली नाही, परंतु त्यांची जागरूकता नाकारता येत नाही.

आता दृष्टी भारताकडे वळवावी. आपल्या मुलांच्या बाबतीत मिशनरी येथेही तितकेच दक्ष होते. भारतात कार्यरत असलेल्या अमेरिकी मिशनऱ्यांनी १९०१ मध्ये कोडाईकनाल येथे स्वतःच्या मुलांसाठी वेगळी शाळा काढली. इतरांच्या मुलांसाठी मात्र गावोगाव मिशनच्या शाळा होत्या. आजचे चित्र काय सांगते? राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार ख्रिस्ती अल्पसंख्याक शाळांतील ७४ टक्के विद्यार्थी अल्पसंख्याक समाजातील नाहीत. म्हणजे ज्या संस्था अल्पसंख्याकांच्या नावाने विशेष संरक्षण घेतात, त्यांचे वर्ग बहुसंख्याकांच्या मुलांनी भरलेले आहेत. त्यात भर म्हणजे ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने शिक्षण हक्क कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू होत नाही असा निर्णय दिला. गरिबांच्या मुलांसाठी २५ टक्के जागा ठेवण्याचे बंधन इतर खासगी शाळांना आहे, या शाळांना नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी या निर्णयाविषयी शंका उपस्थित करून प्रकरण मोठ्या पीठाकडे पाठवण्याची शिफारस केली. भारतीय ख्रिस्ती बांधवांशी येथे भांडण नाही. आपल्या मुलांना आपला धर्म शिकवण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. प्रश्न आहे तो एकाच देशातील मुलांसाठी दोन कायदे का, हा.

तथापि, सारा दोष कायद्यावर ढकलून मोकळे होता येणार नाही. त्या ७४ टक्क्यांना कोणी ओढून नेलेले नाही. प्रवेशासाठी पहाटेपासून रांग लावणारे पालक आपलेच आहेत. शाळेने मनगटावरची राखी काढायला लावली, कपाळावरच्या टिकलीला हरकत घेतली, तर मुख्याध्यापकांच्या दारात जाऊन जाब विचारणारे पालक किती निघतात? इंग्रजी बिघडेल या भीतीने बहुतेकांच्या तोंडाला कुलूप लागते. अमेरिकेतील ख्रिस्ती पित्याने दार लावून घेतले. येथील हिंदू पित्याने ते उघडे टाकले आणि राखणीला कोणी ठेवले नाही.

मग हिंदू कुटुंबांनीही मुले घरी बसवावीत काय? याचे उत्तर ‘नाही’ असेच आहे, आणि ते मूर्तिजापूरच्या मातीतच सापडते. या तालुक्यातील दापुरे येथे मामाच्या घरी गाडगे महाराजांचे बालपण गुरे राखण्यात गेले. त्यांना शाळा मिळाली नाही. ताट मोडा, भाकरी हातावर घेऊन खा, पण मुलाला शिकवा, असे ते कीर्तनातून तळमळून सांगत. १९२५ मध्ये मूर्तिजापूर येथे त्यांनी गोरक्षणाचे कार्य उभे केले आणि धर्मशाळेबरोबर विद्यालयही बांधले. गाय, वाटसरू आणि विद्यार्थी या तिघांची चिंता त्यांनी एकत्र वाहिली. घरी शिकवायला शिकलेली आई आणि रिकामा वेळ लागतो. कापूस वेचायला पहाटे शेतावर जाणाऱ्या आईजवळ यांपैकी काय आहे? गृहशिक्षण हे मूठभरांचे कवच ठरेल आणि बाकीचा समाज उघड्यावर राहील. शिवाय हिंदू समाजाचा जुना रोग वेगवेगळ्या पंगतींचा आहे. एका बाकावर सर्व जातींची मुले बसतात ती जागा शाळा होय. ती जागाच मोडली तर समरसतेची भाषा व्यासपीठापुरती उरेल.

शाळा प्रतिकूल झाली तर काय करावे, याचा धडाही वऱ्हाडानेच दिला आहे. ‘वंदे मातरम्’च्या घोषणेपायी नागपूरच्या नील सिटी हायस्कूलमधून केशव हेडगेवार या विद्यार्थ्याला बाहेर पडावे लागले, तेव्हा त्याला आश्रय दिला तो यवतमाळच्या राष्ट्रीय शाळेने. त्या पिढीने दार लावून घेतले नाही, नवे दार बांधले. तीच परंपरा पुढे १९५२ मध्ये गोरखपूरला सुरू झालेल्या सरस्वती शिशु मंदिराने आणि १९७७ मध्ये स्थापन झालेल्या विद्या भारतीने चालवली.

आज खरे संकट वेगळे आहे. महाराष्ट्रात २० पेक्षा कमी पटसंख्येच्या १४ हजारांहून अधिक शाळा असल्याची शासकीय आकडेवारी समोर आली आणि २०२३ मध्ये त्यांच्या समूह शाळा करण्याचा विचार पुढे आला. हा पट मिशनने पळवलेला नाही. जिल्हा परिषदेची शाळा गरिबांची, असे म्हणून ज्यांनी आपली मुले काढून घेतली, त्यांनी तो रिकामा केला. शाळा बंद पडते तेव्हा शिक्षित घराचे काही बिघडत नाही. मजुराच्या मुलीचे शिक्षण मात्र दुसऱ्या गावच्या वाटेवर अडते.

म्हणून कर्तव्य स्पष्ट आहे. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीतील तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. त्या जागांवर कार्यकर्त्यांनी आणि मातांनी आग्रहाने बसावे. मुलाचे पाठ्यपुस्तक पालकांनी स्वतः वाचावे. संध्याकाळचा एक तास दूरदर्शन आणि मोबाइल बंद ठेवून घरात शुभंकरोती, गोष्ट आणि दिवसभराची विचारपूस व्हावी. गावातील मराठी शाळा आपली मानून तिचा पट, तिचे ग्रंथालय आणि तिचे क्रीडांगण सांभाळावे. मूल शाळेत गेल्याने परके होत नाही. आई-बाप शाळेकडे पाठ फिरवतात तेव्हा ते परके होते. गाडगेबाबांनी झाडू हाती घेतला तो केवळ आपले अंगण झाडण्यासाठी नव्हे. साऱ्या गावाचा रस्ता झाडण्यासाठी. आपल्या मुलापुरते पाहून थांबणाऱ्यांनी हे ध्यानी ठेवावे.