तबकडी कशासाठी घ्यावी?

टर्नटेबल आणि तबकड्या यांवर पैसे घालावेत की नाही, हा प्रश्न अलीकडे साहित्य-कलेच्या वर्तुळातही गांभीर्याने चर्चिला जातो. २०२२ साली अमेरिकेत विनाइल तबकड्यांनी विक्रीच्या नगसंख्येत सीडीला मागे टाकले. १९८७ नंतर हे प्रथमच घडले. त्या लाटेचे पडसाद आपल्याकडे उमटणे स्वाभाविकच. आक्षेप लाटेला नाही. तिच्या समर्थनार्थ हमखास पुढे केल्या जाणाऱ्या युक्तिवादाला आहे.

तो असा की, तबकडीचा आवाज ‘अस्सल’ असतो, अंकांत मोडलेला नसतो. जुन्या तबकड्यांपुरते हे खरे. पण आजच्या कित्येक नव्या तबकड्यांचे मूळ ध्वनिमुद्रणच डिजिटल असते आणि जुन्यांच्या पुनर्मुद्रणाचीही खात्री देता येत नाही. मोबाइल फिडेलिटी या अमेरिकी कंपनीच्या तबकड्या मूळ ध्वनिफितीवरून थेट घडवल्या जातात, अशी ख्याती होती. त्यांतील अनेकींच्या निर्मितीत एक डिजिटल टप्पा होता, हे २०२२ मध्ये उघड झाले. तोवर चोखंदळ कानांनीही त्या अस्सल म्हणूनच वाखाणल्या होत्या. मग अस्सल काय होते? आवाज, की वेष्टनावरची श्रद्धा? पहिली आवृत्ती कपाटात आहे म्हणून कादंबरी अधिक कळते, असे आपण म्हणत नाही. संगीताबाबत मात्र नेमके तेच म्हणतो.

तर मग तबकडी घेऊच नये काय? तसेही नव्हे. १९०२ साली कोलकात्यात गौहर जान यांचे ध्वनिमुद्रण झाले. तेव्हापासून सुमारे अर्धशतक आपले संगीत मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, बहुतांशी लाखेच्या तबकड्यांवर कोरले गेले. एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे. एल.पी. आली १९४८ साली. अब्दुल करीम खाँ त्यापूर्वीच, १९३७ मध्ये गेले. मैफलीत विस्तारणारा राग एवढ्याशा वेळात बसवताना गायकाने काय राखले आणि काय गाळले, हा संहितेचा प्रश्न आहे. म्हणून तो आपल्याही अभ्यासाचा आहे. आंतरजालावरील प्रतींत खरखर पुसताना कधी स्वराची धारही पुसली जाते. वेग चुकला तर षड्जच ढळतो. पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांना मूळ प्रतीचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

गंमत अशी की, हौसेने घेतलेली बरीचशी नवी यंत्रे ७८ च्या वेगाने फिरतच नाहीत. फिरली तरी एल.पी.ची बारीक सुई त्या रुंद खाचेत नीट बसत नाही. तिला वेगळी, जाड सुई लागते. म्हणजे ज्या तबकड्यांसाठी यंत्र घ्यावे, त्याच त्यावर वाजत नाहीत!

तेव्हा निवाडा सरळ आहे. केवळ ‘उबदार’ आवाजासाठी खर्च करणे ही हौस आहे. ती खुशाल करावी, तिला रसिकतेचे नाव देऊ नये. पण घरात वा महाविद्यालयाच्या अडगळीत जुन्या तबकड्यांची पेटी असेल, तर यंत्र जरूर घ्यावे. तबकड्या वाजवाव्यात, लेबलवरील नाव आणि क्रमांक नोंदवावेत, आवाज उतरवून इतरांना ऐकवावा. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सने संग्राहकांना एकत्र आणून या कामाची वाट घालून दिली आहे. लाखेची तबकडी एकदा हातून निसटली की तुकडेच उरतात, आणि ती कुठल्या गाण्याची शेवटची प्रत होती हे नंतर कळून उपयोग नसतो.